एक वार, दोन वार...

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण घरचंच आहे, पण विषय सगळ्यांचा आहे, म्हणून इथे लिहिते.

माझ्या माहेरचं, सिंधुदुर्गातलं घर येत्या मे महिन्यात रिकामं करायचं ठरतंय. छप्पर पार गेलंय. माळ्यावर तांब्यापितळेची भांडी, दोन पेटारे, एक पाळणा, पानाचे डबे, कंदील, असं बरंच काही आहे. भाच्याने व्हॉट्सॲपवर सुचवलं, "सगळ्याचे फोटो काढून ऑनलाइन टाकू, बोली लावायला लावू. हल्ली जुन्या भांड्यांना हॉटेलवाले आणि शहरातले हौशी लोक भरपूर पैसे देतात." त्याच्या खाली पटापट अंगठे उमटले. मी काहीच लिहिलं नाही. मग वहिनीचा फोन आला, "वन्सं, तुम्ही गप्प का?"

तर का गप्प होते, ते सांगते.

आधी हे सांगायला हवं की मी या लिलावाच्या साइट्सच्या विरोधात नाही. उलट एकेकाळी मला त्यांचं फार कौतुक होतं. १९९५ साली अमेरिकेत पिएर ओमिद्यार नावाच्या तरुणाने अशी एक साइट काढली, तीच पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, गेला १४ डॉलर ८३ सेंटना! म्हणे ओमिद्यारने घेणाऱ्याला विचारलं, की बाबा, हा चालत नाही हे कळलंय ना तुला? तर तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. मला या गोष्टीत सगळं तत्त्व दिसतं. प्रत्येक वस्तूला कुठे ना कुठे गिऱ्हाईक असतं, फक्त ते आपल्या आळीत नसतं.

आपल्याकडे २००० साली मुंबईत बाझी नावाची साइट निघाली, ती २००४ मध्ये ईबेने विकत घेतली. त्या सुमारास माझी मुलं कॉम्प्युटरवर बसून बोली लावायची आणि मी पोळ्या लाटता लाटता "किती झाले?" विचारायची. :)

त्याआधी आपण जुनं कसं विकत होतो ते आठवा. कपडे बोहारणीला. चार साड्यांवर एक पातेलं, आणि त्यातही ती पाचवी साडी मागणार. रद्दी रद्दीवाल्याला, त्याच्या काट्यावर. भांडी तांबटाकडे मोडीत. या सगळ्या व्यवहारांत एक गोष्ट समान होती. वस्तूची खरी किंमत काय, हे घेणाऱ्याला माहीत असायचं, देणाऱ्याला नाही. गुरांच्या बाजारात तर उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. शेजारी उभा असलेल्यालाही कळायचं नाही.

लिलावाच्या साइटने हे उपरणं ओढून काढलं. कोणती वस्तू कितीला गेली, किती जणांनी बोली लावली, सगळं उघड. माझ्या मते हा फार मोठा बदल होता आणि चांगला होता. ज्याला बाजार कळत नाही अशा साध्या माणसालाही आपल्या हातातल्या वस्तूचं मोल कळू लागलं. त्याची दुसरी बाजूही होती म्हणा. आपल्याच घरी आहे असं वाटणारी "दुर्मिळ" वस्तू शंभर घरांतून निघाली आणि भाव उतरला. पण तेही खरंच कळलं ना!

आणखी एक कौतुक म्हणजे शेरे. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे, मग तो वस्तू पाठवणार. भरवसा कसा ठेवायचा? तर प्रत्येक व्यवहारानंतर दोघांनी एकमेकांना शेरा द्यायचा आणि तो सगळ्यांना दिसायचा. ईबेने हे १९९६ मध्येच सुरू केलं. मी तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले, त्यामुळे मला याची गंमत वाटायची. पण मुलांनीच मुलांना गुण द्यायचे म्हटलं की जे होतं तेच तिथेही झालं. तू मला वाईट म्हणालास तर मी तुला वाईट म्हणेन! शेवटी २००८ मध्ये ईबेने विकणाऱ्यांना घेणाऱ्याबद्दल वाईट शेरा द्यायची मुभाच काढून टाकली. आज आपण रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना जे तारे देतो, त्यांचे पूर्वज हे शेरे.

आता बोलीबद्दल. तिथली रीत अशी, की तुम्ही मनातला सर्वांत मोठा आकडा यंत्राला सांगून ठेवायचा, समजा २००० रुपये. यंत्र तो कुणाला सांगत नाही. दुसऱ्याची बोली जशी चढेल तसं तुमच्या वतीने थोडं थोडं चढवतं. दुसरा १२०० वर थांबला तर तुम्हाला वस्तू बाराशेच्या जरा वर मिळते, दोन हजारांना नाही. म्हणजे खरा आकडा सांगण्यात तोटा नाही. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये याच जातीच्या लिलावाचा विचार मांडला होता आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण माणसं हुशार! ईबेवर लिलावाची वेळ ठरलेली, ठोका पडला की संपलं. म्हणून लोक शेवटच्या काही सेकंदांपर्यंत दबा धरून बसायचे आणि मग झडप घालायचे. ॲमेझॉनवरही तेव्हा लिलाव चालत. तिथे शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढायची. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना छापली, तर ॲमेझॉनवर हे दबा धरणं बरंच कमी निघालं.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. कारण ॲमेझॉनची ही युक्ती आमच्या गावच्या देवळात कित्येक वर्षं चालत होती. आमच्याकडे पावणी होते. देवापुढे आलेले केळीचे घड, नारळ, भोपळे यांचा सभामंडपात लिलाव. पावणी करणारा ओरडतो, "एक वार... दोन वार..." आणि मध्येच कुणी बोलला की पुन्हा पहिल्यापासून एक वार. घड्याळ नाहीच. सगळे गप्प झाले की मगच तीन वार.

त्या पावणीतला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. मी दहा-अकरा वर्षांची असेन. गावातला एक दुकानदार त्या दिवशी प्रत्येक वस्तूवर चढ्या बोलीने सगळ्यांना गप्प करत होता. मग एक नारळ आला. कोपऱ्यातून एक म्हातारी हळूच म्हणाली, "दोन रुपये." तिचा मुलगा मुंबईला आजारी होता, हे सगळ्या गावाला माहीत. मंडप एकदम शांत झाला. दुकानदाराने मान वर करून छपराच्या वाशांकडे बघायला सुरुवात केली. एक वार, दोन वार, तीन वार. नारळ तिला गेला.

लिलावाचा मूळ दोष असा, की वस्तू ज्याला सर्वांत जास्त हवी त्याला जात नाही, ज्याच्याकडे सर्वांत जास्त पैसे त्याला जाते. देवळात हा दोष लाज भरून काढायची. समोरचा चेहरा दिसत होता. साइटवर समोर असतं एक टोपणनाव आणि एक आकडा. तिथे कोण कुणासाठी थांबणार? थांबायला हवं हे कळणार तरी कसं?

आणि आता माझी चूक सांगते. आई गेल्यावर तिचं तांब्याचं घंगाळ मी माझ्याकडे आणलं होतं. आमचा ब्लॉक लहान, बाथरूममध्ये गीझर. घंगाळ बाल्कनीत हिरवं पडत होतं. २००६ मध्ये तांबटाला विचारलं, त्याने मोडीचा भाव लावून नऊशे सांगितले. मग मुलाने फोटो काढून एका साइटवर टाकलं. सात दिवस आम्ही रोज रात्री बघत होतो. शेवटच्या संध्याकाळी दोघांची चुरस लागली आणि ३६५० ला गेलं! मी टाळ्या वाजवल्या, हो, खोटं कशाला सांगू. जुन्या साडीत गुंडाळून, खोक्यात घालून बंगळूरला पाठवलं. छान शेराही मिळाला.

त्या दिवाळीत दादा आला. नरकचतुर्दशीला पहाटे उठून म्हणाला, "आईचं घंगाळ काढ गं, निदान आज तरी त्यातनं अंघोळ करू." मी सांगितलं. कितीला गेलं तेही सांगितलं, जरा अभिमानानेच. तो एवढंच म्हणाला, "मला विचारलं असतंस तर." मग बादलीतून अंघोळ करून फराळाला बसला. पुन्हा कधी तो विषय त्याने काढला नाही. घंगाळाच्या काठावर आजोबांचं नाव आणि आईच्या लग्नाची तारीख कोरलेली होती. बंगळूरच्या त्या गृहस्थांना ती वाचता तरी आली असेल का, असं मला अजून वाटतं. त्यांची काहीच चूक नाही. त्यांनी सर्वांत जास्त बोली लावली. दादाला बोली लावायची संधीच मिळाली नाही, कारण लिलाव चालू आहे हे त्याला माहीत नव्हतं. आता दादाही नाही.

पुढे त्या साइट्सचंही बदललं. ईबेवरसुद्धा आता बहुतेक विक्री ठरलेल्या किमतीने होते, आणि ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. लिलाव संपले नाहीत. बँका जप्त घरं ऑनलाइन लिलावात काढतात, २०१६ पासून शेतमालासाठी ई-नाम आहे, पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा २०१९ पासून ई-लिलाव होतो. शेतकऱ्याच्या मालाला चार गावचे जास्त व्यापारी दिसले तर मला आनंदच आहे. तिथे उपरणं निघायलाच हवं. पण घरातल्या वस्तूंचं काय? आता माळ्यावरचा कंदील पाहिला की आधी फोन काढून "याचे किती येतील?" बघायची सवय सगळ्यांना लागली आहे. मलासुद्धा.

वहिनीला मी म्हटलं, आधी घरातल्या घरात पावणी करू. ती माझ्यापेक्षा शहाणी. म्हणाली, "वन्सं, मग सगळं अमेरिकेतल्या धाकट्या भावोजींकडे जाईल. आणि सावंतवाडीच्या माईंचा मुलगा? तो काय बोली लावणार?" बरोबर आहे. मघाशी मीच सांगितलेला दोष मीच विसरले होते.

तेव्हा भाच्या, आणि अंगठे उमटवणाऱ्या सगळ्यांनो, माझं म्हणणं असं. मे महिन्यात ज्यांना शक्य आहे ते सगळे गावी या. भांडी चिंचेने घासून ओसरीवर मांडू. ज्यावर नाव कोरलेलं आहे ते त्या माणसाच्या मुलानातवंडांनी घ्यायचं, पैशांचा विषय नाही. बिननावाचं ज्याला हवं त्याने सगळ्यांसमोर का हवं ते सांगायचं. दोघांना हवं असेल तर चिठ्ठी टाकू. आणि "तीन वार" म्हणूनही जे कुणी मागितलं नाही, ते खुशाल साइटवर टाका, चांगले फोटो काढा आणि पडेल भावाने देऊ नका. आलेले पैसे छपराला.

पाळण्यासाठी मात्र मी आत्ताच सांगून ठेवते, मला तो नको आहे. जागा नाही. पण कुणाकडे जातोय, ते मला बघायचं आहे.

तुमच्या घरात असं काही विकलं गेलंय का, जे विकायला नको होतं? किंवा विकलं तेच बरं झालं असं? जरूर लिहा.