नाव ठेवणे, नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन क्रियांमध्ये वचनाचा तेवढा फरक आहे. पहिलीने नवजात बालकाला घरात आणि समाजात जागा मिळते, तर दुसरीने कोणाच्या तरी वागण्यातला दोष काढला जातो. बारशाच्या दिवशी या दोन्ही क्रिया पुष्कळदा एकाच छताखाली घडतात, कारण आईवडिलांनी रूढ नावांच्या बाहेरचे नाव निवडले की ‘हे कसले नाव’, ‘याचा अर्थ तरी काय’, ‘हाक कशी मारायची’ असे प्रश्न घुगऱ्या वाटून होण्याआधीच सुरू होतात. हे प्रश्न वरवर नावाविषयीचे असले, तरी त्यांच्या तळाशी मुलाचे नाव ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न असतो. तो अधिकार आईवडिलांचा आहे, त्यात आईचा वाटा बरोबरीचा आहे, आणि इतरांच्या आक्षेपांपैकी जो मुलाच्या बाजूने घेतलेला असेल तोच ऐकून घेण्याजोगा आहे, हे येथे मांडायचे आहे.

वेगळ्या नावाविरुद्ध पहिला आधार घेतला जातो तो परंपरेचा. म्हणून परंपरा काय सांगते हे आधी पाहिले पाहिजे. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक मानला जातो आणि त्याचे तपशील गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती विधींचे नियम सांगणाऱ्या प्राचीन संस्कृत ग्रंथांत, दिलेले आहेत. पारस्कर गृह्यसूत्रानुसार दहाव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे, मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याची सुरुवात घोष वर्णाने, म्हणजे ग, ज, द, ब यांसारख्या स्वरतंतूंच्या कंपनाने उच्चारल्या जाणाऱ्या वर्णाने व्हावी, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा अंतःस्थ वर्ण यावा, आणि मुलीचे नाव विषम अक्षरांचे व आकारान्त असावे. महाराष्ट्रातली रूढी मात्र या नियमांपासून कधीच दूर गेलेली आहे, कारण येथे बारसे नावाप्रमाणेच बहुधा बाराव्या दिवशी होते आणि नाव ठेवण्याचा मान पित्याऐवजी त्याच्या बहिणीचा असतो. वरवंट्याला सजवून आधी पाळण्याच्या खालून-वरून फिरवले जाते, मग बाळाला पाळण्यात घातले जाते, आत्या त्याच्या कानाशी वाकून ‘कुर्र’ करते व नाव सांगते, आणि भोवती जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. या विधीचा एकही तपशील पारस्कराच्या त्या नियमांत नाही, तरीही तो परंपराच आहे. म्हणजे ग्रंथातला नियम बाजूला ठेवून आपल्या सोयीचा आणि आवडीचा रिवाज घडवणे हे येथल्या घरांनी पूर्वीपासून केलेले आहे.

दुसरा आधार पत्रिकेचा असतो. बाळाच्या जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्राच्या ज्या चरणात असेल, त्या चरणाला नेमून दिलेल्या अक्षराने सुरू होणारे नाव ‘नावरस नाव’ म्हणून ठेवले जाते, आणि सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार असे एकूण १०८ चरण धरून ही अक्षरे अवकहडा चक्र या कोष्टकात मांडलेली असतात. या कोष्टकात हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’, आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्या चरणाला ‘ञ’ ही अक्षरे येतात, आणि या अक्षरांनी सुरू होणारे व्यवहारातले नाव मराठीत सापडत नाही. अशा वेळी जुन्या पिढीतल्या श्रद्धाळू माणसांनीही मार्ग काढलेलाच आहे. नावरस नाव पत्रिकेत ठेवायचे आणि हाक मारायला दुसरे नाव घ्यायचे, हा तो मार्ग. कोष्टक अडले म्हणजे वाकवता येते आणि आईवडिलांची आवड आडवी आली म्हणजे मात्र वाकवता येत नाही, ही भूमिका टिकणारी नाही.

तिसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आणि म्हणून अधिक अवघड असतो, तो म्हणजे घराण्यातले नाव पुढे चालवण्याचा. अनेक घरांत थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची पद्धत होती आणि तिच्यामागे गेलेल्या माणसाची आठवण घरात राहावी ही हळवी भावना होती. पण याच घरांत सुनेने सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, असाही दंडक होता, आणि त्यामुळे आईला स्वतःच्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे अशक्य होई. मग बाळ, बंडू, अण्णा, तात्या अशी घरगुती नावे पुढे येत आणि कित्येकांना तीच जन्मभर चिकटत. ज्या बाईचे स्वतःचे नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे लिहून बदलले गेले, तिला पोटच्या मुलाचे नाव निवडता येत नव्हते आणि उच्चारताही येत नव्हते, ही गोष्ट घराण्याच्या परंपरेविषयी बोलताना विसरता कामा नये. आज एखादी आई विचार करून शोधलेल्या नावावर ठाम राहते, तेव्हा तिच्या ठामपणाला हट्ट म्हणण्यापूर्वी हा मागचा इतिहास आठवला पाहिजे.

नावाचा संबंध अधिकाराशी कसा असतो, हे जातिव्यवस्थेच्या इतिहासात सर्वांत उघडपणे दिसते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे असे सांगितले आहे. म्हणजे बालकाने जन्मभर किती मान वर करून चालायचे, हे पाळण्यातच ठरवण्याचा तो नियम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा ही नावे दलित वस्त्यांतल्या पाळण्यांपर्यंत पोचली. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले होते. मिलिंद म्हणजे भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर. त्याच्या ग्रीक नावाचे पाली भाषेत झालेले हे रूप आहे. परदेशी राजाचे नाव पालीच्या वाटेने मराठी घरात यावे, कालांतराने सर्व जातींच्या मुलांना ठेवले जावे आणि मैदानावर त्याचे बिनदिक्कत ‘मिल्या’ व्हावे, यापेक्षा नाव रुजल्याची दुसरी खूण कोणती असणार?

नाव रुजते ते नाव धारण करणाऱ्याच्या आयुष्याने, हे इतर क्षेत्रांतही दिसते. कवी आणि मराठीचे प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांनी १९७३ साली जन्मलेल्या मुलाला सचिन देव बर्मन या संगीतकाराच्या नावावरून सचिन हे नाव दिले, आणि बंगाली वळणाचे ते नाव पुढे महाराष्ट्राच्या घराघरांतले झाले. १९२९ साली इंदूरला जन्मलेल्या मंगेशकरांच्या थोरल्या मुलीचे पहिले नाव हेमा होते. वडिलांनी रंगभूमीवर सादर केलेल्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिका या पात्रावरून ते बदलून लता झाले, तर मंगेशकर हे आडनावही गोव्यातल्या मंगेशीवरून घेतलेले होते. धोंडो हे नाव दगडाच्या अर्थाचे. दगडू, केरू, भिकू यांच्यासारखी ही नावे पूर्वी मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम ठेवली जात, आणि तरीही धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले तेव्हा त्या नावाच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष गेले नसेल. ओवी हे ज्ञानेश्वरीच्या छंदाचे आणि जात्यावरच्या गाण्याचे नाव आज मुलींना आवडीने ठेवले जाते. आज वेगळे वाटणारे नाव एका पिढीत नेहमीचे होते, हा अनुभव इतक्या वेळा आलेला आहे की केवळ नवेपणावर घेतलेला आक्षेप फार काळ तग धरत नाही.

नव्याचे नाते कधी कधी फार जुन्याशी निघते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली असा निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. पित्याच्या नावाची सवय असलेल्यांना हा क्रम विचित्र वाटू शकतो, पण याच भूमीवर राज्य करणाऱ्या सातवाहनांची नावे गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी अशी होती, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या ज्या शिलालेखात गौतमीपुत्राचे वर्णन आहे, तो त्याची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचा आहे. राजाच्या नावाआधी आईचे नाव कोरण्यात त्या काळी कोणालाही कमीपणा वाटला नव्हता.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर भारतात आईवडिलांना बरीच मोकळीक आहे. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने पंचांगातल्या संतांची आणि प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींचीच नावे मान्य केली होती आणि हे बंधन १९९३ साली सैल झाले. भारतात अशी मान्य नावांची यादी कधी नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार बाळाचा जन्म नावाशिवायही नोंदवता येतो, नाव नंतर कळवून दाखल्यात घालता येते, आणि नियमांनुसार त्यासाठी पहिल्या बारा महिन्यांत शुल्क लागत नाही व पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते. म्हणजे बाराव्या दिवशी एकमत झाले नाही म्हणून घाईने कोणाचे तरी मन राखण्याची गरज नाही; नाव महिनाभर मनात घोळवून, मोठ्याने उच्चारून, दाराबाहेरून हाक मारून पाहता येते.

अधिकार मान्य केला की जबाबदारीही मान्य करावी लागते, आणि येथे ज्येष्ठांचे काही प्रश्न खरोखर मोलाचे ठरतात. नाव आईवडील निवडतात, पण ते वाहायचे असते मुलाला. हजेरीच्या वहीत, परीक्षेच्या प्रवेशपत्रावर, नोकरीच्या अर्जात. ‘ज्ञ’ या एका जोडाक्षराचे उदाहरण पुरेसे आहे. मराठी माणूस त्याचा उच्चार ‘द्न्य’ असा करतो आणि हिंदी भाषक ‘ग्य’ असा. त्यामुळे प्रज्ञा हे नाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते, आणि जन्माच्या दाखल्यावर एक व आधार कार्डावर दुसरी तऱ्हा पडली, तर दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. यावर उपाय प्रज्ञा हे नाव टाळण्याचा नाही. पहिल्या नोंदीपासून एकच लेखन कटाक्षाने ठेवण्याचा आहे. अर्थाच्या बाबतीतही हेच. नावांच्या तयार याद्यांमध्ये ‘सूर्याचा पहिला किरण’ असे सुंदर अर्थ छापलेले असतात, पण त्यातल्या कित्येक शब्दांचा मागमूस कोणत्याही संस्कृत कोशात लागत नाही. नाद आवडला म्हणून नाव ठेवण्यात काहीच गैर नाही, मात्र मूल मोठेपणी अर्थ विचारील तेव्हा खरे उत्तर देता यावे, यासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा मोल्सवर्थचा कोश एकदा उघडावा. तेथे शोधता शोधता नद्यांची, फुलांची, पाखरांची, पिकांची अशी किती तरी विस्मरणात गेलेली मराठी नावे हाती लागतात, जी वेगळी असतात आणि आपलीही असतात.

एवढे सगळे पाहिल्यावर एका नावाचा उल्लेख टाळता येत नाही. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून तिला नकुशा, म्हणजे नकोशी, हे नाव ठेवण्याची प्रथा पश्चिम महाराष्ट्रात होती, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात झालेल्या समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे मिळाली. कोणी देवीचे नाव घेतले, कोणी चित्रपटातल्या नायिकेचे. या मुलींची पहिली नावे ठेवली गेली तेव्हाही पाळणा होता आणि नातेवाईक होते. उच्चार सोपा होता, अर्थ सर्वांना कळत होता, आणि अपवाद वगळता ‘हे कसले नाव’ असे कोणी विचारले नाही. ज्या नावाला खरोखर नावे ठेवायला हवी होती, त्याला समाजाने ती ठेवली नाहीत, कारण ते नाव समाजाच्या इच्छेशी जुळणारे होते.

म्हणून नावाची पारख त्याच्या जुनेपणाने किंवा नवेपणाने करता येत नाही. हे मूल आम्हाला हवे होते, त्याची आम्ही वाट पाहिली, त्याच्यासाठी आम्ही शब्द शोधला, हे त्या नावातून मुलापर्यंत पोचते की नाही, एवढेच पाहायचे असते. ज्या आईवडिलांनी असा शब्द शोधला आहे त्यांनी तो सोडू नये, आणि आत्याने तो मनापासून, स्पष्ट उच्चारून बाळाच्या कानात सांगावा. साताऱ्याच्या त्या मुलींना असा शब्द ऐकण्यासाठी शाळेत जाण्याच्या वयापर्यंत थांबावे लागले होते.