आवाज वाटेत सांडतो!

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्याकडे मराठीचा तास शेवटचा, तोही घंटा लवकर झाली की बुडायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्याव्यात. मुद्दा मात्र शुद्ध आहे!

मुद्दा असा, की आपल्या म्युझिक क्लबला या वर्षी बारा हजार रुपये मिळालेत आणि त्यातून मल्टी-इफेक्ट प्रोसेसर घ्यायचा असं जवळजवळ ठरलंय. मीटिंगमध्ये मी एकटीच ‘नको’ म्हणाले. ‘काहून नको वं?’ असं सगळ्यांनी एका सुरात विचारलं (गाण्यात कधी एवढे सुरात नसतात), आणि उत्तर द्यायच्या आत गर्ल्स हॉस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ झाली. म्हणून इथे लिहितेय.

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला मी स्टील गिटार वाजवली होती, आठवतं का? नसेलच आठवत, कारण ती कुणाला ऐकूच आली नाही.

स्टील गिटार म्हणजे स्टीलची गिटार नाही हं. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत बार धरून तो तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताने छेडायचं. तारा पट्टीवर दाबायच्याच नाहीत, त्यामुळे मींड गळ्यातून निघावी तशी निघते. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही पद्धत काढली असं मानतात, म्हणून आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या जनतेसाठी खास माहिती : बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच, मांडीवरची! १९३२ ची, रिकनबॅकरची, टोपणनाव ‘फ्राईंग पॅन’. आपल्याकडे मुंबईत व्हॅन शिपले यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी तिच्यावर काढल्या. ब्रिजभूषण काब्रांनी तिला रागसंगीतात नेलं. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर आणि बासरीच्या सोबत जे तिसरं वाद्य आहे ना, ते हेच. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला तर १९९४ साली ग्रॅमी मिळालं. आणि तुमसरला माझे आबाजी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ती वाजवायचे. हे अर्थातच कुठल्या पुस्तकात नाही.

त्यांचीच गिटार घेऊन मी स्टेजवर बसले. साऊंडवाल्या दादांनी केबल थेट मिक्सरच्या माईकच्या भोकात खोचली. आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात घोंगडं कोंबल्यासारखा. दादांनी गेन वाढवला, तशी गुणगुण वाढली. शेवटी त्यांनी माझा चॅनेल बंद केला आणि कीबोर्डवाल्या ज्युनियरला खूण केली. त्याने ‘स्टील गिटार’चं बटण दाबलं नि गाणं पूर्ण केलं. (त्या बटणातली स्टील गिटार म्हणजे स्टीलच्या तारांची साधी गिटार. बार नाही, मींड नाही.) टाळ्या त्याला. आबाजी दुसऱ्या रांगेत होते. घरी जाताना एसटीत एवढंच म्हणाले, “हात बरा होता तुया. आवाज वाटंत सांडला.”

वाटेत म्हणजे नेमका कुठे, हे शोधायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं. उत्तर नेटवर्क थिअरीत होतं, आणि तो पेपर मी काठावर पास झालेली आहे!

आबाजींच्या पिकअपचा रेझिस्टन्स मीटरवर १० किलोओहम आला. माईकच्या इनपुटचा इम्पीडन्स साधारण २ किलोओहम धरा. साधा व्होल्टेज डिव्हायडर. दोन भागिले बारा, म्हणजे सिग्नलचा सहावा हिस्सा पोचला. पण ही झाली खालच्या सुरांची गोष्ट. पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल. तिचा इंडक्टन्स ३ हेन्री धरला, तर ३००० हर्ट्झला तिचा रिअ‍ॅक्टन्स ५६ किलोओहमच्या वर जातो, आणि पोचतो जेमतेम एकोणतिसावा हिस्सा. स्टील गिटारचं सगळं तेज त्या वरच्या भागात! मागाहून गेन वाढवला की आधी गुणगुणच मोठी होते. तोच इनपुट १ मेगाओहमचा असता तर जवळजवळ काहीच सांडलं नसतं.

त्यासाठी लागतो एक बफर. एक टीएल०७१, चार-पाच रेझिस्टर, दोन-तीन कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी, दोन जॅक आणि पत्र्याचा डबा. मला दोनशे रुपयांच्या आत पडला. (आयसी लॅबच्या खणातून घेतला होता. सर, परत ठेवलाय.) हा डबा गिटारच्या अगदी जवळ हवा, कारण केबलसुद्धा चोरच आहे. साध्या केबलला मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड धरतात. माझ्या हिशोबाने ३ मीटर केबल लावली की पिकअपचा रिझोनन्स ५३०० हर्ट्झच्या आसपास बसतो, आणि १० मीटर लावली की २९०० वर उतरतो. म्हणजे स्टेजच्या कोपऱ्यापासून मिक्सरपर्यंत जाता जाता आवाज म्हातारा होतो. बफरच्या पुढे मात्र खुशाल लांब केबल ओढा.

व्हॉल्यूम पेडलचंही तसंच. स्टील गिटारवाला सूर विझायला लागला की पायाने पेडल हळूहळू उघडत तो जिवंत ठेवतो. क्लबकडे कीबोर्डचं एक पेडल आहे, ते लावून बघितलं. त्यातला पॉट कमी ओहमचा, त्यामुळे पिकअपवर पुन्हा तेच ओझं. पिकअपच्या थेट पुढे लावायचं तर ५०० किलोओहमच्या पॉटचं पेडल हवं.

आता एक गंभीर गोष्ट. गुणगुण घालवायला स्टेजवर अर्थची पिन काढून टाकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गुणगुण जातेही कधी कधी. पण स्टील गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात धातूचा बार असतो, उजव्या हाताखाली तारा, आणि त्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या बॉडीशी जोडलेल्या. वरून ओठांजवळ माईक आला, तर अर्थ नसलेल्या बॉडीत करंट उतरल्यावर काय होईल ते इलेक्ट्रिकलच्या पोरांनी समजावून सांगावं. दोन उपकरणांमधल्या ग्राउंड लूपची गुणगुण असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावून सिग्नलचा ग्राउंड सोडवा. मेन्सच्या अर्थला हात लावायचा नाही, म्हणजे नाही!

बारची गंमत सांगते. भंडारा जिल्हा म्हणजे पितळेचा, म्हणून मी हौसेने पितळेचा बार करून घेतला. महिन्याभरात तारांनी त्यावर चरे पाडले आणि प्रत्येक मींडीत खरखर यायला लागली. मग स्टेनलेस स्टीलचा २० मिलिमीटर जाडीचा, ८ सेंटिमीटर लांबीचा तुकडा लेथवर गोल टोकाचा केला आणि पॉलिश पेपरने घासत बसले. वजन २०० ग्रॅमच्या आसपास. हलक्या बारखाली तार नीट दबत नाही, सूर पातळ येतो. रूममेट म्हणते मी दोन दिवस पेपर घासत होते. परीक्षेचे नाही, पॉलिशचे.

प्रोसेसरवाल्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. थोडा इको मिळाला तर स्टील गिटार खुलते, आबाजींच्या ऑर्केस्ट्रातही इकोचं मशीन होतं. पण घोंगड्याला इको लावला तर दोन घोंगडी ऐकू येतात. इको मिक्सरमध्येही आहे, आधी सूर तिथवर पोचू द्या. पेडल, डीआय बॉक्स, दोन चांगल्या केबल आणि तारांचे दोन सेट, सगळं सीताबर्डीत विचारून आलेय, सात हजारांच्या आत बसतं. उरलेल्या पैशांतून आधी हॉलच्या बोर्डाचं अर्थिंग करून घ्या.

दर शनिवारी मेसचं जेवण झालं की मी गिटार घेऊन हॉलमध्ये असते. ज्यांना प्रोसेसरच हवाय त्यांनी एकदा बफर काढून आणि एकदा लावून ऐकावं. गेट नऊला बंद होतं, उशीर करू नका. पुढच्या शनिवारी आबाजीही येणार आहेत.