भ्यालेलें मांजर आणि आपण

मांजर म्हटलें कीं तें कृतघ्न, आपमतलबी व तापट, असा आपल्याकडे एक समज आहे. आणि ज्यानें एकदां तरी मांजर पशुवैद्याकडे नेलें आहे, त्याच्या हातावरील ओरखडे या समजास पुरावा म्हणून दाखविले जातात. आमच्या मतें ते ओरखडे मांजराच्या स्वभावाचे नसून आपल्या अविचाराचे साक्षीदार आहेत.

गेल्या वर्षीं आमच्या घरच्या बोक्याचा कान पिकला, तेव्हांची हकीकत सांगतों. त्यास न्यावयाची टोपली माळ्यावरून खालीं काढतांच स्वारी कपाटाखालीं गेली. केरसुणीनें डिवचून त्यास बाहेर काढलें, मानगूट धरून टोपलींत कोंबलें, आणि दवाखान्यांत ती टोपली भुंकणाऱ्या कुत्र्यांशेजारीं जमिनीवर ठेवली. मेजावर ती उपडी करतांच त्यानें आमच्या धाकट्या भावाच्या अंगठ्यास कडकडून चावा घेतला. कान तपासणें राहिलें बाजूस. जखम साबणानें १५ मिनिटें धुवून भावासच रेबीजच्या लशीसाठीं न्यावें लागलें. बोक्यास आम्हीं सर्वांनीं यथेच्छ शिव्या दिल्या. त्याचा कान मात्र आणखी आठवडाभर वाहत राहिला.

आतां त्या मुक्या जीवाच्या दृष्टीनें पाहा. टोपली वर्षांतून एकदां दिसते, आणि दिसते तेव्हां संकटच घेऊन येते. मग ती पाहून तो पळाला, तर चूक कोणाची? टोपली घरांत नित्य उघडी ठेवावी, तींत जुना मऊ कपडा अंथरावा, मधून मधून खाऊ टाकावा. मांजर आपण होऊन तेथें झोपूं लागलें म्हणजे अर्धें काम झालें. वरचा भाग निघणारी पेटी असल्यास फारच उत्तम. खालच्या भागांत तें बसलें असतांच डॉक्टरांस तपासतां येतें. वाटेंत वर पंचा पांघरावा, व दवाखान्यांत पेटी बांकावर, कुत्र्यांकडे पाठ करून ठेवावी.

कोणी म्हणेल, मांजरी आपलीं पिलें मानगुटीसच धरून नेते ना? खरें आहे, पण तें पिलूं असतें, आणि धरणारी त्याची आई असते. मोठें मांजर मानगूट धरल्यावर निश्चल होतें, तें शांत झालें म्हणून नव्हे, तर निरुपाय झाला म्हणून. मांजरांवर उपचार करणाऱ्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय पशुवैद्यांच्या संस्थांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांतही ही रीत अवलंबूं नये असेंच सांगितलें आहे.

हा केवळ दयेचा प्रश्न नाहीं. भीतीनें मांजराच्या हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात. इतकेंच नव्हे, तर रक्तांतील साखरही वाढते, आणि ती इतकी कीं, नसलेल्या मधुमेहाचा संशय यावा. घाबरविलेलें मांजर पुढें ठेवून आपण डॉक्टरांसही फसवितों. फारच भित्र्या मांजरास भीति कमी करणारें औषध डॉक्टरांस विचारून घरूनच देतां येतें. मात्र, पालकहो, माणसांचें औषध आपल्या मनानें त्यास कदापि देऊं नका. तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊं शकते.

आमची टोपली आतां खिडकीखालीं असते. बोका अद्यापि तींत झोपत नाहीं. पण काल रात्रीं तींत टाकलेला सुक्या बोंबलाचा तुकडा आज सकाळीं तेथें नव्हता.