आधी ‘वऱ्हाड’ लिहून दाखवा

अकोल्याहून अमरावतीला रोज ‘अपडाऊन’ करणाऱ्या प्राध्यापकांच्या गप्पांना एक ठरलेला क्रम असतो. मूर्तिजापूर येईपर्यंत वेतन आणि वेतनातील फरक, मूर्तिजापूरनंतर साहित्य, आणि बडनेऱ्याच्या फलाटावर उतरता उतरता दोहोंच्या अवस्थेबद्दल खेद. अलीकडे मात्र साहित्याची जागा एका वेगळ्याच वादाने घेतली. माझा जुना फोन निकामी झाला आहे, नवा घ्यायचा आहे, एवढे मी डब्यात बोलून गेलो आणि तत्काळ दोन पक्ष उभे राहिले. एक आयफोनचा, दुसरा अँड्रॉइडचा. इंग्रजीचे एक सहकारी म्हणाले, “एकदा आयफोन घ्या सर, मग दुसरीकडे पाहणार नाही.” त्यावर अर्थशास्त्राचे सर म्हणाले, “पाहन कसा बापा, पाहाले खिशात पैसा तं उराले पाहिजे!” डबा हसला, वाद मात्र संपला नाही.

दोन आठवडे मी तो ऐकला. कॅमेरा, बॅटरी, हप्ते, पुन्हा विकताना येणारी किंमत, चारचौघांत फोन काढला असता दिसणारे बोधचिन्ह, असे सगळे मुद्दे आले. एक मुद्दा आला नाही. त्या डब्यात आम्ही तिघे मराठीचे प्राध्यापक होतो. या दोहोंपैकी कोणत्या फोनवर मराठी नीट लिहिता येते, हे आम्हा तिघांपैकी एकानेही विचारले नाही. त्या तिघांत मी होतो, म्हणून हा लेख प्रथम माझ्याविरुद्ध आहे आणि नंतर इतरांविरुद्ध.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्याचा चरितार्थ मराठीवर चालतो, त्याने फोन निवडताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत. मराठी आत सहज जाते काय? आत गेलेली मराठी जशीच्या तशी दिसते काय? आणि उद्या ती बाहेर काढायची म्हटली, तर सबंध बाहेर येते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे न घेता केलेली निवड ही ग्राहकाची निवड असेल. भाषेच्या अभ्यासकाची नव्हे.

यावर ठरलेला आक्षेप मला ठाऊक आहे. फोन हे केवळ साधन आहे, साहित्याच्या माणसाने आशयाचा विचार करावा, साधनांचा नव्हे. हा आक्षेप घेणारे वर्गात मात्र बरोबर उलटे शिकवतात. मुद्रणाला बाळबोध सोयीची ठरली, मोडी मागे पडली, आणि आज मोडी दस्तऐवजांची दप्तरे वाचायला खास जाणकार शोधावा लागतो, हे आम्हीच विद्यार्थ्यांना सांगतो. म्हणजे साधन भाषेच्या स्मृतीचे काय करू शकते, हे आम्हाला अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाबाबत कळते. स्वतःच्या खिशाबाबत तेवढे कळत नाही.

आणि आम्ही वऱ्हाडातले. रिद्धपूर अमरावतीपासून फार दूर नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून गोळा केल्या आणि मराठी गद्याचा पाया घातला गेला. पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी हरवली आणि अनुयायांना स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली. त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पंथाच्या दृष्टीने त्याला सबळ कारणे होती. परंतु परिणाम असा झाला की मराठीचे हे आद्य गद्य कित्येक शतके मराठी वाचकाला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती लिपीची किल्ली आली, तेव्हा कुठे आपल्या वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. ग्रंथ शाबूत होते, अक्षरे शाबूत होती. नव्हती ती फक्त किल्ली. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. २०२४ साली ते सुरू झाले, त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. या दोन्ही गोष्टींचा आनंद आम्ही महाविद्यालयात पेढे वाटून साजरा केला, आणि त्याची छायाचित्रे आपापल्या फोनवरून एकमेकांना पाठवली. खाली अभिनंदनाचा मजकूर रोमन अक्षरांत होता.

महानुभावांची सकळ लिपी निदान हेतुपुरस्सर होती. आमची सकळ लिपी आम्ही अजाणता घडवली. नव्वदच्या दशकापासून आमच्या विभागांतील प्रबंध, स्मरणिका, प्रश्नपत्रिका, चर्चासत्रांचे निबंध डीटीपीच्या दुकानांत टंकित झाले. तेथले टंक पडद्यावर देवनागरी दाखवत; आत मात्र इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो विशिष्ट टंक संगणकावर नसला की सारा मजकूर निरर्थक चिन्हांचा ढिगारा होतो. वस्तुतः युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. आम्ही ते वापरले नाही, कारण दुकानदाराने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. आज एखादा विद्यार्थी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा लघुप्रबंध फोनवर उघडतो आणि विचारतो, “सर, हे कोन्त्या भाषेत हाय?” मी त्याला काय उत्तर द्यावे?

आता फोनकडे वळतो. आयफोन २००७ साली आला, अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली. आरंभीच्या अँड्रॉइडवर देवनागरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. देवनागरीचा टंक त्यात अंगभूत आला तो २०११ च्या अखेरीस, चौथ्या आवृत्तीत. देवनागरी दाखवण्याच्या बाबतीत आयफोनची बाजू त्या काळी उजवी होती, हे मान्य केले पाहिजे. लिहिण्याच्या बाबतीत मात्र चित्र उलटे होते. आयफोनवर मराठीचा कळफलक २०१४ च्या आठव्या आवृत्तीत आला. आणि कंपनीखेरीज इतर कोणी बनवलेला कळफलक सर्वत्र वापरण्याची मुभाही त्याच आवृत्तीत मिळाली. तोवर तुम्हाला मराठीसाठी कितीही चांगला कळफलक सुचला, तरी तो या घरात आणता येत नव्हता.

तो सुचला होता, हेच तर महत्त्वाचे. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक अँड्रॉइडसाठी विनामूल्य उपलब्ध करून दिला. ‘क’वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु, कू असे चक्र उमटते; बोट त्या दिशेला सरकवायचे. शाळेत पाठ केलेली बाराखडी हीच त्याची रचना. इंग्रजी कळफलकावर मराठी लादलेली नाही; मराठीच्या वर्णमालेचा विचार करून कळफलक मांडलेला आहे. माझ्या आईला रोमन अक्षरांतून मराठी लिहिणे कधी जमले नाही, याने मात्र दोन दिवसांत जमले. भाषेच्या माणसांना आपले साधन आपण घडवता येते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही. आणि तो ज्या फोनवर शक्य झाला, त्या फोनच्या मोकळेपणाचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. कोणते घर अधिक सुबक, हा प्रश्न दुय्यम आहे. भिंतीला खिळा ठोकायची परवानगी कोण देतो, हा प्रश्न मुख्य आहे.

याचा अर्थ अँड्रॉइड म्हणजे स्वराज्य, असे समजणाऱ्या मित्रांशीही माझा वाद आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले तरी दंडाची रक्कम मार्च २०२३ मध्ये कायम ठेवली. तेव्हा हे घरही धर्मशाळा नव्हे. त्यालाही मालक आहे, आणि भाडे पैशाऐवजी माहितीच्या रूपात वसूल होते. कळफलक हा तर आपण लिहू ते प्रत्येक अक्षर पाहणारा साक्षीदार. खासगीपणाच्या बाबतीत आयफोनवाले जे बोलतात त्यात तथ्य आहे, आणि स्वस्त अँड्रॉइड फोनांना सुधारित आवृत्त्या लवकर मिळेनाशा होतात, यातही आहे. शिवाय दोघांपैकी कोणीही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. एके काळी आपल्या प्रत्येकाच्या हाती असलेल्या नोकियाने २०११ मध्ये सिम्बियनकडे पाठ फिरवली. विंडोजचा फोन २०२० पर्यंत संपला. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांची सेवा जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. ज्यांनी त्या त्या फोनवर निष्ठा ठेवली, त्यांची निष्ठा वाया गेली. निष्ठा भाषेवर ठेवावी. फोन येतील आणि जातील.

म्हणून मी दुकानात एक साधी परीक्षा घेतली. समोर दोन्ही फोन ठेवले आणि दोन्हींवर आपल्या प्रदेशाचे नाव लिहू लागलो: वऱ्हाड. दुकानदाराला हा प्रकार नवा होता. “सर, कॅमेरा तं पाहा,” तो म्हणाला. मी म्हटले, आधी हे होऊ द्या. वाचकांनीही हा प्रयोग करून पाहावा. या शब्दातला अर्धा ‘ऱ’ मराठीला हवा असतो, हिंदीला नको असतो. त्यामुळे हिंदीसाठी आखलेल्या कळफलकावर तो सहज हाती लागत नाही आणि घाईत ‘वर्हाड’ असा रफार चढतो. गुऱ्हाळ, तऱ्हा, कुऱ्हाड, सगळ्यांचे तेच. बरे, तो नीट उमटला तरी गोष्ट संपत नाही. हे चिन्ह दोन रीतींनी साठवता येते: स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र्’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द. तुम्ही एका रीतीने शोध घेतला आणि मजकूर दुसऱ्या रीतीने साठवलेला असला, तर तुमच्याच टिपणांत वऱ्हाड सापडत नाही, असे घडू शकते. ‘ॲ’चेही तसेच, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, तोवर ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून भागवले गेले, आणि आजही दोन्ही प्रकार नांदत आहेत. याची चर्चा मराठीच्या किती विभागांत झाली? प्रमाणलेखनावर तावातावाने बोलणाऱ्या आमच्या चर्चासत्रांत या प्रश्नावर एकही निबंध मी ऐकलेला नाही.

दुसरी परीक्षा बोलीची. उद्धव शेळक्यांची ‘धग’ आम्ही शिकवतो. वऱ्हाडी बोलीने कादंबरीला काय दिले, यावर पाने भरून उत्तरे लिहून घेतो. आता फोनवर ‘मले’, ‘राह्यलो’, ‘त्याईनं’ असे लिहू लागा. सुचवण्या करणारे यंत्र ‘मला’, ‘राहिलो’, ‘त्यांनी’ पुढे सरकवते. घाईत बोट तिथेच पडते. पूर्वी बोली सुधारण्यासाठी पुण्याचा मास्तर लागत असे, आता तो खिशात बसूनच काम करतो. या परीक्षेत दोन्ही फोन नापास झाले. एकावर निदान शब्द शिकवण्याची, कळफलक बदलण्याची सोय अधिक आहे, एवढाच फरक.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःच्या चुकीतून मिळाले आहे. माझी थोरली आत्या दर्यापूरकडची. जात्यावरच्या ओव्या तिला अमाप येत. लिहिता येत नसे, म्हणून माझ्या भाच्याकडून ती बोलून, गाऊन मला निरोपांतून पाठवत असे. दोनअडीच वर्षांत शंभराच्या वर ध्वनिफिती जमल्या होत्या. मी त्या ऐकल्या, वाहवा केली, आणि ‘सवडीने उतरवून काढू’ म्हणून तशाच राहू दिल्या. पुढे मी फोन बदलला, म्हणजे एका पक्षातून दुसऱ्या पक्षात गेलो. सगळे येईल, असे दुकानात सांगितले होते. संपर्क आले, छायाचित्रे आली. ते निरोप आले नाहीत. जुना फोन तोवर अदलाबदलीत देऊन टाकलेला. आत्या त्याच पावसाळ्यात गेली. दोष कंपनीचा किती आणि माझा किती, याचा हिशेब मी पुष्कळदा केला. तो दर वेळी माझ्याच नावावर निघतो, कारण म्हाइंभट शिकवणाऱ्या माणसाने नुसते ऐकून ठेवायचे नसते, लगेच उतरवून घ्यायचे असते, हे मला ठाऊक होते. त्या ओव्यांतल्या आज मला सात-आठ आठवतात. बाकी पोथी गेली.

अखेर मी काय घेतले, हे सांगणे भाग आहे. अँड्रॉइडचा मध्यम किमतीचा फोन घेतला. तो श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे. कळफलक माझ्या मनाप्रमाणे निवडता येतो, फाइली साध्या तारेने संगणकावर उतरवता येतात, आणि माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती तोच आहे, म्हणून. ज्यांना आयफोन परवडतो आणि ज्यांना खासगीपणाची चिंता अधिक आहे, त्यांनी तो जरूर घ्यावा. पण घेताना ‘वऱ्हाड’ लिहून पाहावे, आणि आपला मजकूर साध्या युनिकोड रूपात बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.

आणि विभागांनी? प्रत्येक प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावा. जुने प्रबंध रूपांतरित करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत घालावे. क्षेत्रीय अभ्यासातील ध्वनिफिती फोनवर ठेवू नयेत, त्याच आठवड्यात उतरवून दोन ठिकाणी जपाव्यात. वऱ्हाडी शब्दांची यादी करून ती कळफलक बनवणाऱ्यांना पाठवावी. पाठवल्याशिवाय ते मागायला येणार नाहीत. यातल्या एकाही कामाला अनुदान लागत नाही. उद्या मूर्तिजापूर गेल्यावर मी हा विषय डब्यात काढणार आहे. पुन्हा आयफोन-अँड्रॉइड सुरू झाले, तर प्रत्येकाला एकच सांगणार आहे: सर, आधी ‘वऱ्हाड’ लिहून दाखवा.