कोलकात्याचा उष्मा आणि कट्ट्यावरच्या गप्पा

मराठीत ‘अड्डा’ हा शब्द उच्चारला की जुगाराचा किंवा दारूचा अड्डा डोळ्यांसमोर येतो. बंगालीत मात्र या शब्दाला प्रतिष्ठा आहे. चार मित्रांनी एकत्र बसून, कोणतेही काम हाताशी न धरता, राजकारणापासून माशांच्या भावापर्यंत कशावरही तासन्‌तास बोलत राहणे म्हणजे अड्डा. मराठी माणसाच्या परिचयाचा कट्टा तो हाच. उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांच्या दर्शनी भागात रस्त्याला लागून असलेला ओटा, ज्याला बंगाली माणूस ‘रोयाक’ किंवा ‘रक’ म्हणतो, ही या अड्ड्याची पारंपरिक जागा. उन्हाळ्यात या ओट्यांवरील गप्पांची सुरुवात ठरलेली असते : ‘की गरम!’ काय हा उकाडा!

२०२४ च्या एप्रिलमध्ये हे दोन शब्द केवळ संभाषणाची सुरुवात राहिले नाहीत. महिन्याच्या उत्तरार्धात कोलकात्यातील पारा अनेक दिवस ४० अंश सेल्सिअसच्या वर राहिला आणि ३० एप्रिल रोजी तो ४३ अंशांवर पोहोचला. त्याच दिवशी पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील कलाईकुंडा येथे ४७.२ अंश तापमान नोंदले गेले. राज्य सरकारने शाळांची उन्हाळी सुट्टी अलीकडे आणून २२ एप्रिलपासूनच सुरू केली. दूरदर्शनच्या कोलकाता केंद्रावरील एका वृत्तनिवेदिकेला उष्णतेच्या लाटेचीच बातमी वाचत असताना भोवळ आली. लोकसभा निवडणुकीचा प्रचार ऐन भरात असतानाही चौकाचौकांतील चर्चा उमेदवारांपेक्षा ‘कालबैशाखी’वर अधिक रंगत होती. छोटा नागपूरच्या पठाराकडून येणारी ही वादळी सर एरवी चैत्र-वैशाखातील तापलेल्या संध्याकाळी शहराला दिलासा देते. त्या वर्षी तिने एप्रिलभर वाट पाहायला लावली आणि शहराला खरा दिलासा मिळाला तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.

घराघरांतील चर्चा

उन्हाळ्यातील या गप्पा वरवर क्षुल्लक वाटतात. डाब, म्हणजे शहाळे, किती महाग झाले. भाजलेल्या कैरीचे ‘आम पोडा शरबत’ कोणाच्या घरी चांगले होते. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीसह खायचा ‘पांता भात’ पोटाला कसा थंड पडतो. मुलांची शाळा किती दिवस बंद राहणार. विजेचे बिल किती येणार. कैरीचे पन्हे आणि ताक यांवर उन्हाळा काढणाऱ्या मराठी वाचकाला यातील एकही विषय परका वाटू नये.

परंतु या बोलण्यातून एक नकाशा उमटत असतो. कोणाच्या घरी दोन खोल्यांना वातानुकूलन यंत्र आहे, कोणाच्या घरी छतावरचा पंखा गरम वारा ओतत राहतो आणि कोणाच्या वस्तीत पत्र्याखाली बसणेच अशक्य होते, हे त्यातून कळते. कॅनिंग आणि लक्ष्मीकांतपूरकडून पहाटेच्या लोकलने दक्षिण कोलकात्यात घरकामाला येणाऱ्या स्त्रियांचा अड्डा त्या गाडीच्या डब्यातच भरतो. त्यांच्या बोलण्यातील उन्हाळा हा परतीच्या दुपारच्या गाडीचा आणि घरी पोहोचल्यावर पुन्हा पेटवायच्या चुलीचा असतो. ओट्यावरचा अड्डा हा बहुतांशी पुरुषांचाच राहिला, ही त्याची जुनी मर्यादाही येथे लक्षात घ्यावी लागते.

आकड्यात न मावणारा उकाडा

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढले, तर उष्णतेची लाट मानली जाते. किनारी भागासाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे. हे निकष प्रामुख्याने तापमापकावर आधारलेले आहेत. कोलकात्याचा उन्हाळा मात्र निव्वळ तापमापकाने मोजता येत नाही.

नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरचा उन्हाळा भाजून काढतो, पण तो कोरडा असतो. घाम लगेच सुकतो आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली थंड करू शकतो. बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या बाष्पाने भरलेल्या कोलकात्यात ३६ अंशांनाही घाम सुकत नाही. घामाचे बाष्पीभवन हीच शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची मुख्य व्यवस्था असल्याने, ती अडली की कमी तापमानातही धोका वाढतो. दमट हवेत कूलरचाही उपयोग उरत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये पश्चिमेकडील कोरड्या वाऱ्यांनी शहराला विदर्भाच्या उन्हाळ्याची चव दाखवली. ते वारे थांबले की पुन्हा दमट उष्मा, असा दुहेरी मारा आता या शहराच्या वाट्याला येतो आहे.

हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार, १९५० ते २०१८ या काळात कोलकात्याच्या पृष्ठभागाचे तापमान २.६ अंशांनी वाढले. अहवालात तुलना केलेल्या जगातील महानगरांमध्ये ही वाढ सर्वाधिक होती. जागतिक तापमानवाढ आणि शहरातील काँक्रिटचा विस्तार या दोहोंचा त्यात वाटा आहे. ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने २०२४ च्या एप्रिलमधील दक्षिण आशियातील उष्म्याचा अभ्यास करून, मानवनिर्मित हवामान बदलामुळे अशा उष्म्याची शक्यता सुमारे ४५ पटींनी वाढल्याचा निष्कर्ष काढला. ‘पूर्वी असे नव्हते’ हे ओट्यावरील वयोवृद्धांचे पालुपद यावेळी केवळ स्मरणरंजन नव्हते.

पळवाटांचा इतिहास

उष्म्यापासून सुटका करून घेण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते, ही गोष्ट या शहराला नवी नाही. राजधानी कलकत्त्यात असताना ब्रिटिश सरकार १८६४ पासून दर उन्हाळ्यात सिमल्याला मुक्काम हलवीत असे. जे अधिकारी मागे राहत, त्यांच्या डोक्यावरील कापडी पंखा दोरीने ओढण्यासाठी दाराबाहेर एक माणूस बसवलेला असे. आतल्याला वारा आणि बाहेरच्याला घाम, अशी ती व्यवस्था होती. योगायोग असा की देशाच्या हवामान विभागाची स्थापनाही १८७५ मध्ये कलकत्त्यातच झाली. पुढे त्याचे मुख्यालय सिमल्याला आणि तेथून १९२८ मध्ये पुण्याला आले. पुणेकरांच्या तोंडी अजूनही असलेले ‘सिमला ऑफिस’ हे नाव त्या प्रवासाची खूण आहे.

आज सिमल्याची जागा वातानुकूलित खोलीने घेतली आहे. मध्यमवर्गीय घरांत ही यंत्रे झपाट्याने वाढली आणि उष्ण दिवसांत शहराची विजेची मागणी नवनवे उच्चांक गाठू लागली. यंत्र आतली उष्णता काढून बाहेर फेकते. ती अरुंद गल्लीत साचते आणि ज्याच्याकडे यंत्र नाही त्याची रात्र अधिक तापते. पंखा ओढणाऱ्याची जागा यंत्राने घेतली, तरी आत गारवा आणि बाहेर ताप ही विभागणी कायम राहिली.

याचा दुसरा परिणाम सहजासहजी दिसत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कोलकात्यात वीज वारंवार जात असे, तेव्हा संपूर्ण मोहल्ला गच्चीवर आणि रस्त्यावर येत असे. त्या गैरसोयीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु कोण आजारी आहे, कोण चार दिवस दिसले नाही, हे त्या अंधारात आपोआप समजत असे. बंद खिडक्यांमागे ही माहिती कोणापर्यंत पोहोचत नाही. जुनी घरे पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या तळाशी ओट्याऐवजी मोटारींसाठी जागा असते.

एकटेपणाची किंमत

उष्णतेच्या लाटेत शेजार किती मोलाचा ठरतो, याचे दाखले जगभर आहेत. अमेरिकेतील शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये उष्म्यामुळे नेहमीपेक्षा ७३९ अधिक मृत्यू झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी तेथील दोन शेजारच्या वस्त्यांची तुलना केली. गरिबी आणि एकट्या वृद्धांचे प्रमाण यांत साम्य असूनही एका वस्तीतील मृत्युदर दुसरीच्या जवळजवळ दहा पट होता. जिथे दुकाने, वर्दळ आणि पायी फिरणे टिकून होते, तिथे वृद्ध घराबाहेर पडत होते आणि वाचले. ओसाड पडलेल्या वस्तीत ते दार लावून बसले.

फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत सुमारे १५ हजार मृत्यू झाले. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती आणि अनेक कुटुंबे त्या वेळी सुट्टीवर गेलेली होती. ब्रिटनमध्ये हवामानाच्या गप्पा हा राष्ट्रीय स्वभावच मानला जातो. तेथे १९ जुलै २०२२ रोजी कोनिंग्सबी येथे ४०.३ अंशांचा विक्रम नोंदला गेला. नागपूरकराला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु थंडी अडवण्यासाठी बांधलेल्या घरांत त्या उन्हाळ्यातील उष्ण काळात, कोविडचे बळी वगळूनही, इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील सुमारे २८०० व्यक्तींचे अतिरिक्त मृत्यू झाले. घातक ठरते ते केवळ तापमान नव्हे, तर त्याला तोंड देण्याची तयारी नसणे.

कोलकात्यासाठी हा इशारा गंभीर आहे. २००१ ते २०११ या दशकात महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४५ लाख ७३ हजारांवरून ४४ लाख ९७ हजारांवर आली. नोकरीसाठी मुले बेंगळुरू, पुणे किंवा परदेशात आणि आईवडील जुन्या घरात, हे चित्र शहराच्या अनेक भागांत दिसते. एकट्या ज्येष्ठांशी संपर्क ठेवण्यासाठी कोलकाता पोलिसांनी २००९ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने ‘प्रणाम’ हा उपक्रम सुरू केला, तो याच कारणाने. पोलिसांच्या दूरध्वनीला मोल आहेच. परंतु रोज सकाळी रवींद्र सरोवराभोवती फिरायला येणाऱ्या मित्रमंडळींत एखादे दादा दोन दिवस दिसले नाहीत, तर त्यांच्या दारावरची थाप अधिक लवकर पडते.

गप्पांना मर्यादा

अर्थात, अड्ड्याने तापमान उतरत नाही. भर दुपारी ओट्यावर बसणे हा उपाय नव्हे आणि पाणपोई, ज्याला बंगालीत ‘जलसत्र’ म्हणतात, ही शासनाच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही. ज्याला उन्हातच राबावे लागते, त्या हातरिक्षा ओढणाऱ्याला, हमालाला किंवा घरपोच माल देणाऱ्या तरुणाला गप्पांची सवडही नसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने २०३० मध्ये भारताचे ५.८ टक्के कामाचे तास उष्म्यामुळे वाया जातील, असा अंदाज वर्तवला आहे. ही हानी सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतकी आहे.

उघड्यावरील उष्मा काय करू शकतो, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे पाहिले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी उन्हात बसलेल्या जनसमुदायातील १४ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलपासून, पश्चिम बंगालमधील शाळा उष्म्यामुळे आठवडाभर बंद ठेवण्यात आल्या. देशाची दोन टोके एकाच आठवड्यात एकाच संकटाशी झुंजत होती. तरीही २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी शिफारशी करणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने आपत्ती निवारण निधीच्या राष्ट्रीय यादीत उष्णतेच्या लाटेचा समावेश केला नाही. राज्यांनी तिला स्थानिक आपत्ती ठरवून निधीच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत खर्च करावा, एवढीच वाट त्या व्यवस्थेत होती.

उपाय अज्ञात नाहीत. मे २०१० मधील लाटेत १३०० हून अधिक अतिरिक्त मृत्यू पाहिलेल्या अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. आगाऊ इशारे, डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण आणि झोपड्यांच्या छतांना पांढरा रंग असे त्याचे स्वरूप होते. त्यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज २०१८ मधील एका अभ्यासाने मांडला. नागपूरनेही त्याच धर्तीवर पाऊल टाकले. कोलकात्यासारख्या दमट शहराला मात्र आर्द्रतेचा हिशेब धरणारा, रात्रीच्या तापमानाकडेही पाहणारा आणि तळी व पूर्वेकडील पाणथळ जमीन राखणारा आराखडा लागेल.

त्याबरोबरच आणखी एका गोष्टीची नोंद नियोजनकर्त्यांनी घ्यावी लागेल. इशारा भ्रमणध्वनीवर येतो. तो वाचता न येणाऱ्या आजीला समजावून सांगणारा मात्र शेजारीच असतो. सावलीचा ओटा, वस्तीतील वाचनालय, संध्याकाळी उघडी राहणारी शाळेची खोली, बाकाजवळचे झाड या गोष्टी अंदाजपत्रकात किरकोळ दिसतात. परंतु माणसे जिथे बसून बोलतात, तिथेच ती एकमेकांची खबर ठेवतात. येत्या वैशाखातही कोलकात्याच्या गल्लीबोळांत ‘की गरम!’ असे कोणीतरी म्हणेल. त्याला उत्तर द्यायला शेजारी कोणी बसलेले असेल की नाही, यावर त्या उन्हाळ्यात अनेकांची सुरक्षितता अवलंबून राहणार आहे.