आधी माप घ्या, मग खुर्ची

बेंगळुरूत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनो, जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात आयटीतला कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि कर्मचारी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. किती तास काम करायचं, यावरचे वाद चालूच राहतील. ते तास कशावर बसून काढायचे, हे मात्र बरंचसं आपल्या हातात आहे आणि नेमकी तिथेच आपण हयगय करतो. कुणी बीटीएम लेआउटच्या पीजीत पलंगावर मांडी घालून लॅपटॉप उघडतो, कुणी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढतो, कुणी सेलमध्ये फोटो बघून एखादी मागवतो. कंबर धरली की मग बाम आणि पट्टा आहेतच.

माझं सांगणं साधं आहे. किंमत, फोटो किंवा ‘ऑर्थोपेडिक’ असं छापलेलं लेबल बघून खुर्ची घेऊ नका. आपल्या अंगाच्या मापाने घ्या. शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा आपण लावत नाही, मग त्याला मानवलेली खुर्ची आपल्यालाही मानवेल असं का धरून चालायचं? हर्मन मिलर कंपनीची प्रसिद्ध ‘एरॉन’ खुर्ची १९९४ मध्ये बाजारात आली तीच मुळी तीन मापांत. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीयांच्या शरीरमापांचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक काढलं. म्हणजे मापं उपलब्ध आहेत, पण दुकानात ती विचारतो कोण?

तेव्हा आधी घरी टेप काढा. ताठ बसा, पाय जमिनीला टेकवा आणि गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. बैठकीची उंची साधारण तेवढी हवी. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप ढोबळमानाने ३८ सेंटिमीटरच्या आसपास येतं. बाजारातल्या कित्येक खुर्च्या मात्र ४३-४५ च्या खाली उतरतच नाहीत. मग पाय लोंबतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि तासाभरात पायाला मुंग्या येतात.

दुसरं माप टेबलाचं. आपली टेबलं बहुधा ७५ सेंटिमीटर उंच असतात. खांदे सैल सोडून टाइप करायचं तर कोपर टेबलाच्या पातळीत यायला हवं. त्यासाठी ठेंगण्या माणसाला खुर्ची वर करावी लागते आणि पाय अधांतरी राहतात. यावर उपाय महागडा नाही. पायाखाली घट्ट बसणारा लाकडी पाट किंवा पायटेकू ठेवला की झालं. टेबल खाली घेता येत असेल तर उत्तमच.

आता दुकानात. निदान पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत बसा, विक्रेत्याचा संकोच करू नका. पाठ पूर्ण मागे टेकवा. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. बैठक त्याहून खोल असेल तर तुम्ही पुढे सरकून कडेवर बसाल आणि ज्या पाठीसाठी पैसे मोजले ती रिकामीच राहील. कमरेचा उंचवटा पट्ट्याच्या जरा वर, पाठीच्या बाकात बसतो का ते बघा. तो वर-खाली करता आला तर फार बरं. हात टेकवल्यावर खांदे वर उचलले जाता कामा नयेत आणि खुर्चीचे हात टेबलाखाली सरकले पाहिजेत.

पाठ मागे झुकते का, हेही पाहा. स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात संशोधकांनी मणक्यांमधल्या चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला. पाठ थोडी मागे रेललेली आणि कमरेला आधार असला की तो दाब कमी होतो, असं त्यांना दिसलं. म्हणून ‘सरळ बस’ हा लहानपणीचा हुकूम दिवसभर पाळायची गरज नाही. झुकण्याचा ताण आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता यायला हवा.

शर्यतीच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गेमिंग खुर्चीला भुलू नका. तिच्या कडा खांद्यांना पुढे ढकलू शकतात. डोक्याच्या आधाराचा उपयोग मुख्यतः रेलताना होतो; तो नसल्याने बिघडत नाही. घरात एकच खुर्ची दोघं वापरणार असतील तर दोघांनीही बसून पाहा.

पैसे कमी असतील तरी वाट आहे. या शहरात कंपन्या सतत जागा बदलतात, गुंडाळतात आणि चांगल्या ऑफिस खुर्च्या वापरलेल्या मालात येतात. तशी खुर्ची घेताना वर करून दहा मिनिटं बसा. आपोआप खाली उतरली तर गॅसची नळी गेली आहे. चाकं, पायांचे पाच फाटे आणि जाळी सैल पडली आहे का, तेही तपासा. दोन वर्षांत शहर सोडायचं असेल तर भाड्याने घ्या.

आणि लॅपटॉप. पडदा डोळ्यासमोर आणला तर कळफलक वर जातो, कळफलक हाताशी ठेवला तर मान खाली जाते. चार जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवा आणि वेगळा कीबोर्ड व माउस घ्या. खुर्ची बदलण्याआधी एवढं केलंत तरी मानेला फरक पडेल.

एवढं करूनही खुर्ची म्हणजे औषध नव्हे. आउटर रिंग रोडवर कॅबमध्ये अडकलेला तासही बसण्यातच धरा. अर्ध्या तासाने उठा, फोन चालत घ्या. कमरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर किंवा लुळा पडत असेल तर खुर्ची शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी इस्पितळात जा.

शेवटची विनंती टीम सांभाळणाऱ्यांना. नव्या मुलाला पहिल्या दिवशी लॅपटॉप देता. तो घरून काम करणार असेल तर त्याच्या मापाच्या खुर्चीची रकमही एचआरकडे मागा. तो स्वतः मागणार नाही, नवा आहे. तुम्ही मागितलीत तर मिळण्याची शक्यता जास्त.