वर टाका!

माझं आणि पोटमाळ्याचं भांडण आहे. ते जुनं आहे आणि मिटवण्याची माझी इच्छा नाही. आपल्याकडे माणसं राजकारणावर भांडतात, क्रिकेटवर भांडतात, पुरणपोळीबरोबर दूध की तूप यावरून तर सख्खे साडू वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. पण मराठी घराची निम्मी मालमत्ता ज्याच्या घशात आहे, त्या पोटमाळ्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढत नाही. तो आज मी काढणार आहे.

'वर टाका' हे आपल्या संसाराचं ब्रीदवाक्य आहे. लक्षात घ्या, 'वर ठेवा' असं कोणी म्हणत नाही. ठेवलेली वस्तू परत घ्यायची असते, टाकलेली नसते. मग सरळ टाकून का देत नाही? तर टाकून द्यायला धीर लागतो. माळ्यावर टाकायला फक्त एक स्टूल आणि एक धाकटा भाऊ लागतो. आमच्या घरातला धाकटा भाऊ मी.

आमचा पोटमाळा गॅरेजवर आहे. वडिलांनी १९७२ साली कोथरूडला बंगली बांधली, तेव्हा गॅरेजही बांधलं. मोटार नव्हती. त्या काळी स्कूटरचा नंबर लागायलाच वर्षं जायची. पण नकाशात गॅरेज होतं, म्हणून बांधलं. ८ फुटांवर वासे टाकून फळ्या ठोकल्या, त्यावर सिमेंटचे पत्रे घातले आणि वर जायला दीड फूट लांब, दीड फूट रुंद असं एक भोक ठेवलं. झाकण डोक्यानं ढकलायचं. टाळूवर टेंगूळ आलं की समजायचं, माळा उघडला. मोटार शेवटपर्यंत आली नाही. गॅरेज रिकामं राहिलं आणि माळा भरला.

काय नव्हतं तिथं! तांब्याचा बंब, घंगाळ, तीन पायांचा पाळणा, होल्डॉल, दिवाळी अंकांचे गठ्ठे, बिघडलेला रेडिओ, तो दुरुस्त करायला आणलेला दुसरा बिघडलेला रेडिओ, आणि गणपतीची तीन मखरं. दरवर्षी आम्ही नवं मखर आणायचो, कारण जुनं काढायला वर कोण जाणार?

आता वडिलांची बाजू सांगतो; नाहीतर दादा म्हणेल, "लेका, एकतर्फी लिहितोस." १९६१ साली आम्ही नारायण पेठेत, तळमजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मी चार वर्षांचा होतो. मला आठवतो तो फक्त वडिलांचा खांदा. आमचं सगळं गेलं. भांडी, कपडे, आईची शिलाईची मशीन. राहिली ती एक पत्र्याची ट्रंक, कारण ती खोलीतल्या माळ्यावर होती आणि पाणी तिच्या खाली वीतभर थांबलं होतं. त्या दिवसापासून वडिलांचा जगाच्या व्यवहारावरचा विश्वास एका वाक्यात मावत असे : वर असेल ते वाचेल. नव्या घरात सर्वांत आधी वर गेली ती तीच ट्रंक. कोथरूडला पाणी येणार नव्हतं, पण हे त्यांना सांगायची आमची काय बिशाद!

२००९ साली माझ्या मुलीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला. आई म्हणाली, "माझ्या आईचा एकच फोटो आहे, ट्रंकेत. काढून दे रे हिला." मी म्हटलं, "रविवारी काढतो." त्या रविवारी मॅच होती. पुढच्या रविवारी पाहुणे होते. तिसऱ्या रविवारी मी खाली उभा राहून त्या दीड फुटाच्या भोकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि चहा प्यायला घरात गेलो. मंगळवारी दुपारी, घरात कोणी नसताना, सत्तरी ओलांडलेली माझी आई टेबलावर स्टूल ठेवून वर चढली.

मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, नशीब, खुबा वाचला. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या सहा आठवड्यांत तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागलं.

ट्रंक खाली आणली. तिचा तळ गंजून गेला होता आणि फळ्यांतून आलेली वाळवी आत नांदत होती. आजोबांच्या हातची वही हातात घेतली तर तिची माती झाली. फोटो ओलीनं काचेला चिकटला होता. उरलं होतं कपाळावरचं कुंकू आणि अर्धी नथ. आईनं तो डाव्या हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "पाण्यातनं वाचली होती रे ही."

म्हणून म्हणतो, पोटमाळा हा साठवणीचा प्रकारच नाही. पुरानं जे सोडलं, ते आमच्या माळ्यानं खाल्लं. पुराला एक दिवस लागला असता, माळ्यानं ३७ वर्षं घेतली, एवढाच फरक. आणि दोष ना पत्र्याचा, ना वाळवीचा. दोष त्या दीड फुटाच्या भोकाचा. जिथं सहज जाता येत नाही तिथं माणूस जात नाही. जिथं जात नाही तिथं पाहत नाही. आणि जे पाहिलं जात नाही, ते कितीही उंचावर ठेवा, बुडालंच म्हणून समजा.

प्लास्टर निघायच्या आत मी सुतार बोलावला. भोक ४ फूट लांब, अडीच फूट रुंद केलं. पक्की शिडी केली, तिला वर आकडे आणि बाजूला कठडा. ८ फुटांच्या शिडीचा पाया भिंतीपासून २ फूट पुढे हवा, म्हणजे चाराला एक, हे सुतारानं मला सांगितलं. तोवर मी शिडी भिंतीला छातीशी धरल्यासारखी उभी लावत असे. वासे पोखरलेले होते ते बदलले, बाकीच्यांना वाळवीचं औषध मारलं. वर दिवा लावला, पण बटण खाली. विहिरीवरची असते तशी कप्पी बसवली, म्हणजे सामान दोरानं चढतं आणि चढणाऱ्याचे दोन्ही हात शिडीला राहतात. जड वस्तू भिंतीकडेला, जिथं वासे टेकतात. मधे एक माणूस जाईल एवढी वाट. आणि एका वस्तूमागे दुसरी वस्तू अजिबात नाही. गणपतीचं आणि दिवाळीचं सामान तोंडाशी. पत्रे मात्र जुने, ॲस्बेस्टॉसचे. त्यांना भोक पाडलं की निघणारी धूळ फुफ्फुसाला घातक, म्हणून त्यांना हात लावला नाही. शिवाय उन्हाळ्यात त्यांच्याखाली भट्टी होते, तेव्हा फोटो, कागद आणि रंगांचे डबे वर न्यायचे नाहीत. कागद कपाटात, माणसांच्या सहवासात.

यावर दोन बाजूंनी हल्ला झाला. दादा म्हणाला, "इतकं सोपं केलंस तर चोर चढेल की!" मी म्हटलं, "चढू दे. तो बंब घेऊन जाणार असेल तर मी खालून शिडी धरीन." बायकोचा मुद्दा अधिक धारदार होता. "अहो, जाणं सोपं झालं की भरणंही सोपं होईल. आता दुप्पट टाकाल." हा मुद्दा खरा आहे, मी त्याला भितो. त्यावर माझा उपाय एकच : दर दसऱ्याला सगळ्यांनी वर जायचं आणि प्रत्येक वस्तूकडे पाहायचं. ठेवायची असेल तर का ते मोठ्यानं सांगायचं. 'असू दे, लागेल' हे उत्तर बाद. पहिल्याच दसऱ्याला दोन्ही रेडिओ गेले. पाळणा मात्र आईनं सांगितलेल्या कारणावरून राहिला. ते कारण ऐकून माझी मुलगी आणि मी दोघंही लाजलो.

दुसरं टोक म्हणजे हल्लीची मुलं. ती म्हणतात, "सगळंच भंगारात द्या ना, बाबा." त्यांनाही माझा विरोध आहे. घर म्हणजे काही रेल्वेचा डबा नव्हे, की उतरताना मोकळा करून द्यावा. ठेवा, जरूर ठेवा. पण जे ठेवाल ते दोन मिनिटांत हाताला लागलं पाहिजे. लागत नसेल तर ती वस्तू तुमची नव्हे, माळ्याची. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसानं काही मागितलं तर 'रविवारी' म्हणू नका. त्यांचा मंगळवार आधी येतो.

आमच्याकडे आता मखर एकच आहे. आई पुरणयंत्र मागते, दोन मिनिटांत ते खाली येतं. "इतक्यात आणलंस?" असं ती तक्रारीच्या सुरात विचारते, कारण मग पुरण करावं लागतं.

राहता राहिलं ते स्टूल, जिच्यावरून आई पडली तेच. ते मोडून बंबात घालावं असं माझं मत होतं. पण आई म्हणाली, चांगलं सागवानी आहे. तेव्हा ते सध्या वर आहे. असू दे, लागेल.